ग्रँड आयलंडला बुडालेलं जहाज पाहायला जायचं तर



पावसाळी बंदी उठून मासेमारी मार्गी लागली की आपली पोरं एक विषय हमखास काढतात. पर्यटक पैसे मोजून ग्रँड आयलंडला जातात, पाण्याखालचं मोडकं जहाज बघून येतात, मग आपण का नाही? बरोबर आहे. दर्या आपला, आपण का बघू नये? जा, पण तयारी करून जा. त्यासाठी हा लेख.

आधी माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला तो बारा-तेराव्या वर्षापासून बुडी मारतो. दीड-दोन मिनिटं श्वास धरतो. त्याने चार मित्रांना घेऊन स्कूबाचं ठरवलं. मला म्हणाला, "मामा, मला काय शिकवणार ते? मीच त्यांना शिकवीन." सरावाच्या वेळी जेमतेम दोन वाव पाण्यात त्याच्या चष्म्यात पाणी शिरलं. त्याने जन्मभर केलं तेच केलं. तोंड मिटलं, श्वास धरला आणि सरळ वर निघाला. शिकवणाऱ्याने पाय धरून त्याला खाली थांबवलं आणि श्वास सोडायला लावला. वर आल्यावर भाचा चिडला होता. कारण समजलं तेव्हा गप्प झाला.

आपली बुडी आणि बाटलीची बुडी वेगळी का?

दहा मीटर, म्हणजे साधारण साडेपाच वाव खाली गेलं की दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. आपण श्वास धरून जातो तेव्हा छातीत समजा 5 लिटर हवा असते. ती दहा मीटरवर दबून अडीच लिटर होते. वर येताना परत 5 लिटर. हिशोब जुळला, काही बिघडत नाही.

बाटलीची हवा मात्र खालच्या दाबाने मिळते. दहा मीटरवर छाती भरून 5 लिटर घेतली आणि श्वास धरून वर आलात, तर तीच हवा 10 लिटर व्हायला बघते. तेवढी जागा छातीत नाही. फुप्फुस फाटतं, हवेचा बुडबुडा रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकतो. याला फार खोलीही लागत नाही, दीड मीटरही पुरतो. म्हणून पहिला नियम: बाटली तोंडात असताना श्वास कधीही धरायचा नाही. जो चांगला बुडी मारणारा, त्यालाच हा धोका जास्त, कारण त्याची सवय उलटी आहे.

दुसरा नियम: वर सावकाश यायचं. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

तिसरा नियम: कान. खाली जाताना पहिल्या मीटरपासूनच नाक दाबून कान मोकळे करत जायचं. दुखलं तर थोडं वर यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी जायचंच नाही. पडदा फाटला तर कित्येक आठवडे पाण्यात उतरता येणार नाही, आणि ऐन हंगामात ते कोणाला परवडतं?

दिवस कोणता निवडायचा?

हे आपल्याला शिकवायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर्या शांत असतो. त्यातही उधाणाचे दिवस टाळा. पुनव-अवसेच्या आसपास ओढ जास्त आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या भांगाला ओढ कमी, नजरही जरा लांब पोचते. सकाळी लवकर निघा, वारा सुटायच्या आत परत या. आपल्याकडे पाण्याखाली चार-पाच मीटर दिसलं तरी नशीब समजायचं. अंदमानचे व्हिडिओ बघून अपेक्षा ठेवू नका.

किती खोल, किती वेळ?

ग्रँड आयलंडच्या आसपासच्या बहुतेक जागा पंधरा-सोळा मीटरच्या आतल्या आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला शिकवणाऱ्यासोबत बारा मीटरपर्यंतच नेतात. ओपन वॉटर कोर्स केला की अठरा मीटरपर्यंत जाता येतं. एक बाटली दहा मीटरवर शांत माणसाला साधारण चाळीस मिनिटं पुरते. घाबरलेला माणूस ती वीस मिनिटांत संपवतो. काटा 50 वर येईल तेव्हा तुम्ही वर असायला हवं, खाली नव्हे.

मोडक्या जहाजाजवळ

तिथे जहाजाचं लोखंड पसरलेलं आहे, त्यात तांबोसे, गोबरे आसरा घेतात. बाहेरून बघा, आत शिरू नका. गंजलेला पत्रा कापतो. तळाचा गाळ उठला की स्वतःचा हात दिसत नाही, आणि वर छप्पर असलं की सरळ वर येता येत नाही. अशा ठिकाणी तुटलेली जाळी अडकलेली असतात हे आपल्याहून कोणाला जास्त माहीत? जोडीने राहा, जवळ सुरी ठेवा.

आणि काही उचलून आणू नका. आपल्या किनाऱ्यालगत सुंची खडकाजवळ दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. सेंट जॉर्ज खडकाजवळ बासेल मिशनची कौलं मिळाली. कुठली वस्तू कुठे पडली होती, त्यावरूनच ते जहाज ओळखतात. वस्तू हलली की तो पुरावा गेला. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरातन वस्तू ठरते. परवान्याशिवाय विकली तर गुन्हा.

होडी मालकांसाठी

1. मासेमारीच्या परवान्यावर भाड्याने माणसं नेऊ नका. त्याचा परवाना वेगळा. अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतील आणि होडीही अडकेल.

2. पांढरा-निळा किंवा लाल रंगावर तिरका पांढरा पट्टा असलेला बावटा दिसला की खाली माणूस आहे. लांबून जा, वेग कमी करा. जवळ बुडबुडे दिसले तर इंजिन न्यूट्रल करा.

3. सोबत गेलात तर उतरणाऱ्यांची नावं कागदावर लिहा, वर आल्यावर मोजा. सगळे चढेपर्यंत पंखा फिरवायचा नाही.

4. वर आल्यावर कोणाला सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, छातीत कळ, हातापायात अशक्तपणा वाटला तर "थकला असेल, झोपू दे" म्हणू नका. आडवं झोपवा, ऑक्सिजन द्या, 108 लावा. दर्यात असाल तर तटरक्षक दलाचा 1554. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा, की हा बाटली लावून बुडाला होता.

निघण्यापूर्वी

आदल्या रात्री दारू नाही. दमा, हृदयाचा त्रास, फिटचा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. गरोदर बाईने जाऊ नये. शिकवणाऱ्याचं प्रमाणपत्र बघा. होडीवर ऑक्सिजनची बाटली आहे का ते विचारा. विचारलेलं आवडत नसेल तर दुसरीकडे जा. आणि पाण्यात गेल्यावर अठरा तास तरी विमानात बसू नका. आखातात कामाला जाणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवू नये.

भाच्याने नंतर पूर्ण कोर्स केला, आणि जहाज बघून आला. घरी येऊन आईला सांगत होता, "आपलं जाळं दरवेळी कुठे फाटतं ते बघून आलो." मला ते ऐकून बरं वाटलं.

घरात जाणारी पोरं असतील त्यांना हे वाचून दाखवा. शंका असेल तर सोसायटीत या, बसून बोलू.

— सचिव