सिकलसेलची तपासणी : नळी गढूळ झाली, पुढे काय?

साहित्य : सोल्युबिलिटी चाचणीचे द्रावण, काचनळ्या, पिपेट, लॅन्सेट, स्पिरिटचा कापूस, काळ्या रेघांचा पांढरा कागद, नोंदवही.

मासवण परिसरातल्या वारली, कातकरी पाड्यांवर ही तपासणी दिवाळीआधीच उरका. भातकापणी झाली की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मग अहवाल सांगायचा कोणाला? १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांना तपासायचे आहे.

कृती : टोचण्याआधी दोन गोष्टी विचारा. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे का? त्याच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन बरेच असते, आजार लपतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले आहे का? तसे असेल तर थांबा.

फ्रीजमधले द्रावण आधी बाहेर काढून ठेवा. गारवा गेला की नळीत २ मिली घ्या, बोटातले २० मायक्रोलिटर रक्त घालून हलवा आणि पाच मिनिटांनी नळी रेघांच्या कागदापुढे धरा. रेघा दिसल्या तर सिकलचे हिमोग्लोबिन नाही. झाकल्या तर आहे. द्रावण रक्तातला प्राणवायू काढून घेते आणि मग ते हिमोग्लोबिन विरघळत नाही, म्हणून हा गढूळपणा. अंगात रक्त फारच कमी असले तर मात्र नळी फसवते. हातपाय सुजणारे, सांधे दुखणारे, वरचेवर कावीळ होणारे मूल नळी स्वच्छ दिसली तरी डॉक्टरांकडे न्याच.

खरे काम इथून पुढे. वाहक आणि रुग्ण, दोघांचीही नळी सारखीच गढुळते. म्हणून ‘सिकल निघाला’ असे पाड्यावर बोलू नका. त्या एका वाक्याने पोरीचे लग्न अडते. शिरेतले रक्त ईडीटीए नळीत घेऊन थंड डब्यातून एचपीएलसी तपासणीला पाठवा. अहवालात ‘एएस’ म्हणजे वाहक, त्याला औषध नको. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सीयुरिया.

गरोदर बाई वाहक निघाली तर नवऱ्याचीही एचपीएलसीच करा, कारण तो थॅलेसेमियाचा वाहक असला तरी बाळाला धोका असतो आणि असा वाहक सोल्युबिलिटी चाचणीच्या नळीत सापडत नाही. दोघेही ‘एएस’ असतील तर दर गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांत होते आणि परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत तिची सोय आहे. त्यामुळे पहिल्याच भेटीत रक्त घ्या.

२०१६च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. दाखल्यासाठी अहवाल लागतो. मूळ कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवायला सांगा.