हिरव्या पट्ट्यानंतरचा खर्च

पिवळ्या पट्ट्यापर्यंत कुंगफू-वुशूच्या क्लासचा हिशोब सोपा असतो. महिन्याची फी, एक ड्रेस, एखादी परीक्षा. मूल टिकतं की नाही हेच ठरायचं असतं, म्हणून पालकही हात राखून असतात. पैसा जातो तो पुढे, हिरवा, निळा, तपकिरी या मधल्या रंगांच्या दोन-अडीच वर्षांत. आणि प्रवेशाच्या दिवशी भंडारा, तुमसर, साकोली, कुठेही प्रश्न एकच विचारला जातो: "सर, महिन्याचे किती?"

तेवढ्यानं भागत नाही. एक हिशोब मांडून बघू. आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतले आहेत, त्यांच्या जागी आपल्या क्लासचे दर घाला. फी महिन्याला ५०० धरली तर दोन वर्षांचे १२,००० झाले. पाच परीक्षा, प्रत्येकी ७०० प्रमाणे ३,५००. पोर उंच झालं की नवा ड्रेस, १,२००. लढतीचं साहित्य ४,०००. बाहेरगावच्या चार स्पर्धा, प्रवेशशुल्क, जाणं-येणं, जेवण धरून दर वेळी १,५००, म्हणजे ६,०००. बेरीज २६,७००. त्यात महिन्याची फी निम्म्याहूनही कमी आहे! म्हणून ४०० रुपयांचा क्लास ६०० वाल्यापेक्षा स्वस्त असेलच असं नाही. परीक्षा वर्षातून किती, प्रत्येकीचे किती, नापास झाल्यास पुन्हा पूर्ण पैसे का, पट्टा आणि प्रमाणपत्र त्यातच की वेगळं, हे आधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि सगळी पोरं दर वेळी पास, असं दिसलं तर सावध व्हा. एका रंगाचे दोन-तीन टप्पे करून पट्ट्याला पट्टी लावण्याची पद्धतही आहे. प्रत्येक पट्टीचे पैसे पडतात.

परीक्षा नीट घेतली जाते का हे बघायला एकदा स्वतः जाऊन बसा. मा-बू म्हणजे घोड्यावर बसल्यासारखी बैठक. चांगला परीक्षक तीत मुलाला बराच वेळ ठेवतो, गुडघे आत पडतात का, टाचा उचलल्या जातात का हे वाकून पाहतो, मग लगेच पुढचा फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, करायला लावतो. थरथरणाऱ्या पायांनी तो फॉर्म कसा होतो, त्यावरून मधला टप्पा कळतो. ओळीनं सगळ्यांना एकच फॉर्म करायला लावून दहा मिनिटांत फोटो काढायचे असतील, तर ती परीक्षा नव्हे.

रंगांबाबत एक गैरसमज आहे. चीनच्या जुन्या परंपरेत रंगीत पट्टे नव्हते. तिथे १९९८ पासून नऊ 'दुआन'ची अधिकृत श्रेणी आहे, त्यातली चौथी ते सहावी म्हणजे मधली. आपल्याकडचे रंग ज्या-त्या क्लासनं किंवा संघटनेनं ठरवलेले. त्यामुळे बदली होऊन गोंदियाला गेलात तर तिथले सर निळा पट्टा मानतीलच असं नाही, पुन्हा हिरव्यापासून बसवतील. प्रमाणपत्रावर कोणत्या संघटनेचं नाव आहे आणि ती राज्य संघटनेला जोडलेली आहे का, हे म्हणूनच पाहायचं.

दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी तर पट्ट्याचा काहीच उपयोग नाही. ते गुण स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात, आणि प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून नागपूरच्या विभागीय मंडळाकडे जातो. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही स्पर्धांच्याच प्रमाणपत्रांवर, तेही क्रीडा विभागानं पडताळल्यावर. एखादी खासगी 'राष्ट्रीय' स्पर्धा हजारो रुपये घेऊन पदक देत असेल, तर पैसे भरण्याआधी त्या कार्यालयात एक चक्कर मारा. कोणते खेळ आणि कोणत्या संघटना ग्राह्य आहेत, ते तिथे फुकट कळतं.

साहित्य घाईनं घेऊ नका. वुशूच्या दोन बाजू आहेत: ताओलू म्हणजे फॉर्म, सांदा म्हणजे लढत. ताओलूवाल्याला बूट आणि पुढे काठी किंवा तलवार लागते. सांदाला हेडगार्ड, चेस्टगार्ड, ग्लोव्हज, माउथगार्ड आणि जांघेचा गार्ड. क्लासमध्ये सामायिक साहित्य असेल तर वर्षभर त्यावर भागवा. माउथगार्ड आणि जांघेचा गार्ड मात्र स्वतःचाच हवा, त्यात काटकसर नको. जुना हेडगार्ड मोठ्या मुलाकडून घेताना फोम अंगठ्यानं दाबा. खड्डा तसाच राहिला तर तो फुकटही नको. वेल्क्रो दोनदा ओढून बघा. स्पर्धेत उतरायचं तर वैद्यकीय तपासणीचा खर्चही धरा.

विभागीय स्पर्धा बहुधा नागपूरला नाहीतर विभागातल्या दुसऱ्या जिल्ह्याला. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, पण लाखांदूर-पवनीकडच्यांना पहाटेच निघावं लागतं. मुलगी असेल तर एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, सोबतच्या आईलाही. चार-पाच पालकांनी मिळून गाडी केली तरी एसटीशी एकदा ताडून बघा.

नुसतं स्वसंरक्षण शिकायचं असेल तर एवढं काहीच लागत नाही. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, तीन महिन्यांचं, मुलींना मोफत. आपल्या शाळेत यंदा आहे का हे मुख्याध्यापकांना विचारा. हात सोडवणं, अंतर राखणं, ओरडून मदत मिळवणं यासाठी तपकिरी पट्टा लागत नाही.

शेतकरी घरांसाठी एक सुचवणं. धानाचे चुकारे कधी हातात पडतील याचा नेम नसतो, तेव्हा फी दर महिन्याऐवजी तिमाही भरता येते का ते विचारा. बरेच सर तयार होतात. पण वर्षाची एकरकमी फी भरून सवलत घेण्याआधी दहावीच्या वर्षाची सुट्टी, पाय मुरगळून गेलेले आठवडे आणि मूल मध्येच कंटाळलं तर परतावा, या तिन्हींचं काय ते पावतीवर लिहून घ्या.