रामन यांच्या प्रयोगशाळेचे दार

दुर्गाबाई भागवत आपल्या वाङ्मयशाखेला परिचित आहेत. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा. त्यांची धाकटी बहीण कमला (पुढे सोहोनी) मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. मलाही गेल्या वर्षापर्यंत नव्हती.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन कमलाबाईंनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील व काका तेथेच शिकलेले. संचालक होते भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: एक वर्ष परीक्षेचे, आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. ही अट वाचून मला आधी हसू आले, मग राग. चित्त ज्याचे विचलित होणार, अट त्याला नको का? वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. १९३९ मध्ये कमलाबाई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या.

दार उघडले, तरी आतली वाट सोपी नव्हती. १९४० मध्ये अॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिऱ्यांच्या वर्णपटाची छायाचित्रे घेण्यास पंधरा-वीस तास लागत. कित्येक रात्री त्यांनी तेथेच काढल्या. पाच शोधनिबंध झाले. पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. हा नियम केवळ स्त्रियांसाठी नव्हता, हे मान्य. परंतु पाच निबंधांपुढे तो मला खुजा वाटतो. १९४८ पासून त्या पुण्याच्या वेधशाळेत होत्या. सुमारे शंभर हवामान-उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. पर्जन्यमापकाचे मोल आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात कोणाला सांगायला नको!

जगातही गती अशीच मंद. भौतिकशास्त्राचे नोबेल मादाम क्यूरींना १९०३ मध्ये मिळाले, दुसऱ्या स्त्रीला १९६३ मध्ये, तिसरीला २०१८ मध्ये. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कणभौतिकीतज्ज्ञ रोहिणी गोडबोले यांनी २००८ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचा ग्रंथ सहसंपादित केला. २०२४ साली त्या गेल्या.

अॅना मणींच्या त्या रात्रींपाशी मी अडले. दहावीनंतर मला विज्ञान घ्यायचे होते. घरच्यांचे म्हणणे, प्रात्यक्षिके संपेतो सायंकाळ होते, शेवटची एस.टी. चुकली तर मुलीने राहावे कोठे? शाळेतल्या एका गुरुजींनीही मान डोलावली. मी कला शाखेत आले. येथे मन रमले, तरी तो प्रश्न राहिलाच.

धाकट्या बहिणीने यंदा अकरावीला विज्ञान घेतले आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती धाराशिवला मावशीकडे मुक्काम करते.