भाकर, तवा आणि उष्णता

ज्वारीची भाकर ही मराठवाड्यातील रोजच्या जेवणातली वस्तू. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात असो वा एखाद्या खेड्यात, एकाच डब्यातील पीठ व एकच करणारा हात असूनही एका तव्यावर भाकर टम्म फुगते, तर दुसऱ्यावर मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. असे का होते? याचे उत्तर पाककलेत जितके आहे तितकेच पदार्थविज्ञानातही आहे.

प्रथम भाकरीचा विचार करू. ज्वारीत गव्हासारखे चिकट ग्लुटेन नसते. म्हणून पीठ ऊन पाण्यात मळतात. उष्णतेने पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि पिठाला थोडा चिकटपणा येतो. थापलेली भाकर तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाणी फिरवतात. ते फिरवले नाही तर वरचा थर लवकर सुकून त्याला भेगा पडतात. पुढे भाकर उलटतात आणि शेवटी निखाऱ्यावर किंवा ज्योतीवर धरतात. दोन्ही बाजूंचे पापुद्रे घट्ट झालेले असले की आतल्या पाण्याची वाफ कोंडते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,६०० पट वाढते, म्हणून भाकर फुगते. एखादी भेग राहिली असेल तर वाफ निसटते आणि भाकर चपटी राहते.

आता तव्याचे काम पाहू. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते. भाकरीच्या आत पाणी आहे तोवर तेथील तापमान यापेक्षा फारसे वाढत नाही. खमंग डाग मात्र सुकलेल्या पृष्ठभागावर, साधारण १५० अंशांच्या आसपास पडू लागतात. म्हणजे तवा यापेक्षा बराच तापलेला हवा, आणि ओली भाकर पडताच तो एकदम निवता कामा नये.

तवा निवतो तो कशामुळे? १ ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. एका भाकरीतून २० ग्रॅम पाणी उडाले असे धरू. त्यासाठी १०,८०० कॅलरी लागतील. १ किलोग्रॅम वजनाचा लोखंडी तवा ५० अंशांनी निवला तर तो किती उष्णता देतो? लोखंडाचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.११ आहे. म्हणून १,००० × ०.११ × ५० = ५,५०० कॅलरी. याचा अर्थ, निम्मी उष्णता तवा आपल्या साठ्यातून देऊ शकतो, उरलेली ज्योतीने पुरवावी लागते.

तितक्याच आकाराचा व जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा तवा फक्त सुमारे ३४० ग्रॅम भरेल. त्याचा विशिष्ट उष्मा ०.२१५, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तरीही ५० अंशांनी निवताना तो सुमारे ३,७०० कॅलरीच देईल. उष्णतेच्या साठ्यात लोखंड किंवा बीड सरस ठरते ते असे.

परंतु साठा हा एकच गुण नव्हे. उष्णता पसरवण्यात अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण चौपट चांगले आहे. म्हणून बर्नर लहान आणि तवा मोठा असेल, तर बिडाचा तवा मध्ये फार तापतो व कडेला मंद राहतो. उपाय सोपा आहे: मध्यम आचेवर तवा चार-पाच मिनिटे सावकाश तापू द्यावा आणि तव्याचे माप ज्योतीला साजेसे निवडावे. स्टेनलेस स्टीलची वाहकता लोखंडाच्याही सुमारे एक-तृतीयांशच असते, म्हणून अशा भांड्यांच्या बुडात तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर घालतात. मातीची वाहकता तर लोखंडाच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी. खानदेशात उलट्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात, ते या मंद आचेमुळेच न करपता भाजले जातात.

न चिकटणाऱ्या तव्यावर टेफ्लॉनचा थर असतो. हा पदार्थ रॉय प्लंकेट यांना १९३८ साली योगायोगाने सापडला. सुमारे २६० अंशांच्या पुढे हा थर खराब होऊ लागतो आणि आणखी तापल्यास विषारी धूर निघतो. पिंजऱ्यातील पक्षी अशा धुराने मरतात. म्हणून असा तवा रिकामा ठेवून मोठ्या आचेवर कधीही तापवू नये. धिरडी-डोशाला तो बरा, भाकरीच्या कडक आचेला लोखंडच योग्य. लोखंडी तव्यावर तेलाचा पातळ हात देऊन तो तापवला की तेलाचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन काळा, कठीण थर तयार होतो. तो गंजही रोखतो आणि चिकटणेही कमी करतो. बीड ठिसूळ असते, म्हणून तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नये.

पाश्चात्य पद्धतीच्या मोठ्या शेगड्यांत दोन बर्नरांच्या मध्ये लांबट तवा कायमचा बसवलेला असतो व त्याखाली लांब बर्नर असतो. असा तवा आपल्या घरी घ्यावा का? एकाच वेळी पाच-सहा धिरडी घालायची असतील तर तो सोयीचा आहे. पण दोन भाकरींसाठी संपूर्ण जाड पत्रा तापवणे म्हणजे गॅस वाया घालवणे होय. शिवाय भाकर शेवटी ज्योतीवर फुगवायची, तर त्यासाठी दुसरा बर्नर पेटवावा लागेल. आपल्या जुन्या चुलीला जोडलेला वैल याच्या नेमका उलट आहे. तेथे वेगळे जळण लागत नाही. मुख्य चुलीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवरच दूध किंवा आमटी ऊन राहते. चुलीचा धूर मात्र डोळ्यांना व फुप्फुसांना अपायकारक, हे विसरता येत नाही.

शेवटी एक प्रयोग. तो घरातील मोठ्या माणसांसमोरच करा. लोखंडी तव्यावर कोरडे पीठ अगदी पातळ व सारखे भुरभुरा आणि मध्यम आच लावा. पीठ प्रथम कोठे तांबूस होते ते पाहून वहीत तव्याचा नकाशा काढा, आणि लगेच गॅस बंद करा. तवा निवल्यावर पुसून तो दुसऱ्या, मोठ्या बर्नरवर ठेवा आणि पुन्हा नकाशा काढा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले, की तुमच्या घरची भाकर कोठे करपते आणि कोठे कच्ची राहते याचे कारण तुम्हांला स्वतःच सांगता येईल.