लाकडाचे जू आणि लोखंडाचे जू

शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय 27 ते 29



आमच्या मंडळ्यांत संदेष्ट्यास 'भविष्यवादी' असेही म्हणण्याची चाल आहे. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत होते की, जोशी पंचांग उघडून पुढचे सांगतो, तसेच संदेष्टा देवाच्या नावाने सांगतो. ही समजूत अपुरी आहे. इब्री भाषेत संदेष्ट्यास 'नाबी' म्हणतात. निर्गमाच्या सातव्या अध्यायात देव मोशेस सांगतो की, तुझा भाऊ अहरोन हा तुझा नाबी होईल. अहरोन तेथे भविष्य सांगत नाही. जड जिभेच्या मोशेचे म्हणणे तो फारोपुढे बोलतो. तेव्हा नाबी म्हणजे ज्याने पाठविले त्याचे तोंड होय. पुढे घडणाऱ्या गोष्टी तो सांगतो खरा, पण लोकांनी आज मागे वळावे म्हणून सांगतो.

परंतु दोघे जण देवाचेच नाव घेऊन एकमेकांविरुद्ध बोलू लागले, तर ऐकणाऱ्याने काय करावे? आजच्या पाठात नेमका हाच पेच आहे.

प्रसंग असा. इ. स. पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. तरुण राजा यहोयाखीन व हजारो लोक बंदिवासात गेले, मंदिराची पात्रेही गेली, आणि सिद्कीया हा बाबेलचा मांडलिक म्हणून गादीवर बसला. बाबेलच्या इतिवृत्ताची एक मातीची पाटी 1956 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही नगर घेतल्याची नोंद आहे. त्याच पाटीवरून कळते की, पुढे इ. स. पू. 595–594 च्या हिवाळ्यात खुद्द नबुखद्नेस्सराच्या देशात बंड झाले होते. साहजिकच शेजाऱ्यांस धीर आला असेल. अदोम, मवाब, अम्मोन, सोर व सीदोन येथील राजांचे दूत यरुशलेमात जमले. तेव्हा यिर्मया आपल्या मानेवर लाकडाचे जू घेऊन त्यांच्यापुढे आला. बाबेलच्या जुवाखाली मान द्या आणि जगा, हा त्याचा निरोप होता.

त्याच वर्षी पाचव्या महिन्यात गिबोनचा हनन्या मंदिरात सर्वांदेखत बोलला. त्याचे म्हणणे असे की, देवाने बाबेलचे जू मोडले आहे. दोन वर्षांत पात्रे, राजा व बंदिवान सर्व परत येतील. मग त्याने यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इब्री मूळ पाठ हनन्यास 'संदेष्टा' असेच म्हणतो. 'खोटा संदेष्टा' हा शब्द पुढे ग्रीक भाषांतरकारांनी घातला. म्हणजे मंदिरात उभ्या असलेल्या लोकांस हनन्याच्या कपाळावर काही खूण दिसत नव्हती. शिवाय त्याचे बोलणे आधारावाचून होते असेही नाही. इ. स. पू. 701 मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यरुशलेमावर चालून आला असता, नगर वाचेल असे यशयाने सांगितले होते व ते वाचले. हनन्याचे बोल त्या आशेसारखेच आहेत. पण शंभर वर्षांपूर्वीची भाकर त्याने ताजी म्हणून वाढली. देवाने आज काय सांगितले, हे त्याने ऐकलेच नव्हते.

आता यिर्मयाकडे पाहा. तो प्रथम आमेन म्हणतो. तुझे बोलणे देव खरे करो, असे म्हणतो. आपल्या लोकांचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नव्हती. मग तो एवढेच सुचवितो की, शांतीचे भाकीत करणारा खरा की नाही हे ते घडून आल्यावर कळेल. आणि जू मोडले गेल्यावर तो निमूटपणे निघून जातो! त्याला नवे वचन मिळाले नव्हते, म्हणून तो बोलला नाही. पुढे वचन आले तेव्हाच तो परत आला : लाकडाचे जू मोडून तू लोखंडाचे जू घडविलेस. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. पुढे सिद्कीयाने बंड केले, आणि इ. स. पू. 587 च्या सुमारास नगर पडून मंदिर जळाले.

अनुवादाच्या अठराव्या अध्यायात कसोटी दिली आहे की, जे घडत नाही ते वचन देवाचे नव्हे. पण घडेपर्यंत वाट पाहण्यास वेळ नसतो. निर्णय आजच करावा लागतो. आणि निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, तेव्हा योनाने सांगितलेला नाश टळला. म्हणून योना काही खोटा ठरला नाही. यास्तव यिर्मया तेविसाव्या अध्यायात दुसरी कसोटी देतो : ज्या बोलण्याने दुष्ट मनुष्य आपल्या वाटेवरून वळत नाही, उलट त्याचे हात बळकट होतात, ते बोलणे देवाचे नव्हे.

तर मग यिर्मयाजवळ आशा नव्हती काय? होती, पण ती लांब पल्ल्याची होती. बंदिवानांस त्याने पत्र लिहिले की, घरे बांधा, बागा लावा, लेकरांची लग्ने करा, आणि ज्या नगरात आहा त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हनन्याचे ऐकणारा बाबेलात एक झाडही लावता ना. इ. स. पू. 539 मध्ये पारसाच्या कोरेशाने बाबेल घेतले. त्यानंतर जे परतले ते बहुतेक त्या बंदिवानांचे मुलगे-नातू होते.

आम्हां पाळकांस हा पाठ विशेष बोचतो. आजाऱ्याच्या खाटेशी बसलो असता, रडणाऱ्या आईचे तोंड पाहून, "हा बरा होईल, देवाने मला सांगितले आहे," असे शब्द आमच्या ओठांवर येतात. ते दयेचे वाटतात. पण देवाने तसे सांगितले नसेल, तर आम्ही त्या माउलीच्या मानेवर लोखंडाचे जू ठेवितो. कारण लेकरू गेल्यावर तिचा देवावरचा भरवसाही त्याबरोबर जातो. अशा वेळी आमेन म्हणावे, तिच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि जे ठाऊक नाही त्याविषयी यिर्मयासारखे मौन धरावे. मंडळीनेही गोड बोलणाऱ्यास लगेच डोक्यावर घेऊ नये, व कठोर बोलणाऱ्यासही केवळ कठोर म्हणून खरा मानू नये.

वर्गासाठी प्रश्न

1. 'नाबी' शब्दाचा अर्थ अहरोनाच्या उदाहरणाने सांगा.
2. जू मोडल्यावर यिर्मया न बोलता का गेला?
3. गेल्या वर्षात आपणांस न रुचलेले पण हिताचे ठरलेले एखादे वचन आठवते काय?