मोबाईलच्या लहरी आणि मेंदूतील पेशी

मोबाईल कानाशी धरल्याने मेंदूतील पेशी मरतात काय, हा प्रश्न हल्ली पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत आणि दवाखान्याच्या बाकावरही ऐकू येतो. कोणी 'निश्चित मरतात' असे ठासून सांगतो, तर कोणी हसून उडवून लावतो. दोन्ही उत्तरे बहुधा अभ्यासावाचून दिलेली असतात. सबब, प्रयोगशाळेत याबाबत काय आढळले आणि ते कसे तोलावे, याचा थोडक्यात विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मोबाईलच्या लहरींना सर्रास 'किरणोत्सर्ग' म्हटले जाते आणि तो शब्द कानी पडताच हिरोशिमा डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या दोन गोष्टींत महदंतर आहे. क्ष-किरणांत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. मोबाईलच्या लहरी रेडिओच्या लहरींच्या जातीच्या होत. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीतील एका ऊर्जाकणाची ऊर्जा, कार्बनचा एक रासायनिक बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्श्याइतकीच भरते. या लहरींचा निर्विवाद ठरलेला परिणाम म्हणजे शरीराला किंचित ऊब येणे. शरीराच्या एका किलोमध्ये किती वॅट शक्ती शोषली जाते, यावरून हा परिणाम मोजतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून हँडसेटला किलोमागे १.६ वॅट ही मर्यादा लागू झाली.

मग प्रश्न संपला काय? नाही. ऊब न आणताही या लहरी मज्जापेशींना, म्हणजे पाठ्यपुस्तकांतील चेतापेशींना, अपाय करीत असतील, अशी शंका घेण्यास शास्त्रज्ञ मोकळेच होते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे सॅलफर्ड व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ३२ उंदीर घेतले. काहींना लहरींविना तसेच ठेवले आणि इतरांना दोन तास मोबाईलसारख्या लहरी दिल्या. पन्नास दिवसांनी मेंदूचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा लहरी दिलेल्या उंदरांत गडद पडलेल्या, बिघडल्यासारख्या मज्जापेशी अधिक दिसल्या. लहरींची मात्रा किलोमागे ०.००२ ते ०.२ वॅट, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेहून पुष्कळ कमी होती. त्यामुळे जगभर खळबळ उडाली, आणि ते साहजिकच होते.

अशा वेळी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. पहिला : उष्णतेवर नजर होती काय? पेशी उष्णतेने बिघडली की लहरींनी, हे वेगळे करता आले नाही तर निष्कर्ष लटका पडतो. दुसरा : तुलनेचा गट होता काय, आणि काप तपासणाऱ्याला कोणता काप कोणत्या गटाचा हे ठाऊक नव्हते ना? गडद मज्जापेशी मृत मेंदू हाताळण्यातील दोषानेही दिसू शकतात, म्हणून ही खबरदारी येथे फार महत्त्वाची. तिसरा आणि सर्वांत मोठा : दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच आढळले काय?

या तिसऱ्या कसोटीवर तो दावा टिकला नाही. २००९ साली जपान आणि फ्रान्समधील गटांनी उंदरांवर तसे प्रयोग केले, पण मज्जापेशींची ती हानी त्यांना आढळली नाही. पहिल्या संशोधकांवर लबाडीचा आरोप करण्याचे यात कारण नाही. एका प्रयोगाने शंका उपस्थित होते आणि अनेक प्रयोगांनी निर्णय होतो, अशीच शास्त्राची रीत आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना 'कदाचित कर्ककारक' अशा वर्गात ठेवले. अमेरिकेच्या सरकारी प्रयोगात दोन वर्षे रोज सुमारे नऊ तास सर्वांगावर लहरी दिलेल्या नर उंदरांत, मज्जातंतूंच्या आवरणपेशींच्या गाठी हृदयात आढळल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. मात्र मात्रा फार मोठ्या होत्या, आणि लहरी दिलेले ते नर तुलनेच्या गटातील नरांपेक्षा अधिक जगले. पुढे २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करविलेल्या समीक्षेत, मोबाईलच्या वापराने माणसांत मेंदूचा कर्करोग वाढल्याचे दिसून आले नाही.

हा विवेक केवळ परीक्षेपुरता नाही. भीतीच्या जोरावर बाजारात 'रेडिएशन रोखणाऱ्या' चकत्या विकल्या जातात आणि बेताच्या मिळकतीची कुटुंबे त्यांवर पैसे घालवतात. मुलाचे डोके दुखले की टॉवरला दोष दिला जातो आणि त्याचे डोळे तपासायचे राहून जातात. ज्यांना खबरदारी घ्यावीशी वाटते त्यांना बिनखर्चाचा मार्ग आहे. मोबाईल कानापासून दूर नेला की डोक्यात शिरणारी ऊर्जा झपाट्याने घटते. म्हणून दीर्घ बोलणे असेल तर स्पीकर अथवा इअरफोन वापरावा. गाडी चालविताना मोबाईलवर बोलण्याने अपघात होतात, याला मात्र सूक्ष्मदर्शकाची साक्ष नको.

आमच्या वाचकांना एवढीच विनंती की, 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असे कोणी म्हणताच त्यांनी वरील तीन प्रश्न विचारावेत आणि आपल्या मुलांनाही ते विचारावयास शिकवावे.