पिवळ्या रोपाचे कारण

शाहूवाडी तालुक्यात पावसाची वाण नाही. तरीही अनेक शिवारांत तरव्यातील भाताचे रोप पिवळे व खुरटे दिसते. ‘जमीनच हलकी, काय करणार?’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. परंतु कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. ती ज्यांनी वसतिगृहात आत्मसात केली, त्यांनी पिवळ्या रोपाचेही कारण शोधले पाहिजे.

सह्याद्रीच्या उतारावरील तांबडी जांभी माती मुसळधार पावसाने धुऊन निघते. चुना, पालाश आणि विरघळणारे नत्र पाण्याबरोबर निघून जाते. माती आम्लधर्मी होते आणि स्फुरद लोहाशी जखडला जातो. तो मातीत असूनही मुळांना मिळत नाही. जुनी पाने शेंड्याकडून पिवळी पडली तर नत्र कमी आहे असे समजावे. रोप गर्द हिरवे पण खुजे, पाने अरुंद व ताठ असतील, तर स्फुरद कमी आहे.

तिसरे पान येईपर्यंत रोप मुख्यतः बियाण्यातील शिदोरीवर जगते. म्हणून दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगणारे पोचट बी काढून, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवावे.

पूर्वी तरव्याच्या जागी पालापाचोळा, फांद्या व शेण जाळून राब भाजत. राखेतून पालाश मिळे, तणाचे बी जळे. पण झाडे तुटत आणि नत्र धुरात जाई. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेतीत निराळी वाट दाखविली. भाताच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात वाफ्याच्या वरच्या थरात मिसळावी. तिच्यातील सिलिकामुळे रोप कणखर होते. शेतात पहिल्या नांगरटीच्या वेळी पेंढा गाडावा आणि लावणीपूर्वी आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला पसरून नंतर चिखलणीत गाडावा. दोन-तीन रोपांचे चूड नियंत्रित अंतरावर लावावेत आणि त्याच दिवशी दर चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावी. खत वाहून जात नाही.

तूस, पेंढा आणि बांधावरचा पाला यांसाठी बाजारात जावे लागत नाही. ज्या पालकाचे वर्षाचे धान्य चार-दोन गुंठ्यांवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

वप्रमंगल या शाक्यांच्या पेरणी-उत्सवात सिद्धार्थ स्वतः नांगर धरीत, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नोंदविले आहे. शिकलेल्या हातांना मातीचे वावडे नसावे. धम्म ‘ये आणि पाहा’ असे सांगतो. म्हणून यंदा एक वाफा राख घालून व एक राखेविना करावा. लावणीच्या दिवशी दोन्हींतील रोपे उपटून, मुळे धुऊन, शेजारी ठेवावीत आणि मगच विश्वास ठेवावा.